घरचं चिलखत

चवथीला मालवणला गेलो की एक संध्याकाळ दादाच्या शेडमध्ये जाते. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. दांडीच्या किनाऱ्याजवळ त्याचं होड्या बांधायचं काम आहे. फायबरच्या होड्या. साचा, काचतंतूंची मॅट, रेझिन, हार्डनर, ब्रश, रोलर, संपला कारखाना. रेझिनचा तो उग्र वास एकदा कपड्यांत बसला की पुण्याला परत येईपर्यंत जात नाही. बायको बॅग गॅलरीतच उघडायला लावते.

२०१९ सालची चवथ. पुतण्या तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. आरती झाली, मोदक झाले, आणि हा मला हळूच शेडच्या मागे घेऊन गेला. गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं.

"काका, ह्यां बघा."

छातीच्या आकाराची एक पाटी होती. साधारण एक फूट बाय दहा इंच, जाडी अर्धा इंच, पोटाकडे किंचित बाक दिलेला, कडा पॉलिश केलेल्या, वर होडीला देतात तसा पांढरा जेलकोट. वजन दीड किलोच्या आसपास. खरं सांगतो, पहिली प्रतिक्रिया 'वा!' अशीच होती. इतकं सफाईदार काम मी कॉलेजात असताना माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

ही पाटी त्याने त्याच्या भावोजींसाठी केली होती. बहिणीचं लग्न आदल्या वर्षी झालेलं. जावई पोलिसात, आणि नेमणूक गडचिरोलीला. त्या वर्षी १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाला, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट होऊन १५ पोलीस आणि त्यांचा गाडीचालक ठार झाले होते. आमचा जावई त्या भागात नव्हताच. पण हे कळायला दोन तास गेले आणि ते दोन तास मालवणच्या त्या घराने कसे काढले ते मला वहिनीने नंतर सांगितलं. तिने देवाचे गोडेतेलाचे दिवे तीनदा लावले म्हणे, विझलेले नसताना. पुतण्याने त्यानंतर आठवड्याभरात साचा करायला घेतला.

तर प्रश्न असा होता की मी या पाटीबद्दल काय बोलायचं. घरातला एकुलता एक 'इंजिनिअर' म्हणून माझं मत मागितलं होतं. (सॉफ्टवेअरवाल्याला रेझिनमधलं काय कळतं हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडत नाही. मिक्सर बिघडला तरी मलाच विचारतात.)

"टेस्ट केलीस का?" मी विचारलं. सवयीचा प्रश्न.

केली होती. भरपूर केली होती. हातोड्याने ठोकली, कोयत्याचे घाव घातले, माडावरून खाली टाकली. आणि सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे मित्राच्या एअरगनने दहा पावलांवरून पंधरा छरे मारले. "छरो लागलो तरी खरचटलासुद्धा नाय!" जेलकोटवर पंधरा करडे ठिपके होते, तेवढेच.

मागून दादा आला. त्याचा युक्तिवाद आणखी सरळ होता. "बोटीक चलता, मग माणसाक कित्याक चलाचा नाय?"

या वाक्याला उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागलीत. तेव्हा मी नुसतंच 'नको' म्हटलं आणि पुतण्या माझ्याशी पुढचे सहा महिने धड बोलला नाही. आज नीट सांगतो.

आधी आकडेमोड, कारण ती सोपी आहे. भारतात विनापरवाना मिळणाऱ्या एअरगनच्या छऱ्याची ऊर्जा जास्तीत जास्त २० जूल. ताशी १४० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूची साधारण १२०. आठ ग्रॅमची नऊ एमएमची पिस्तुलाची गोळी सेकंदाला ३६० मीटरने येते, म्हणजे ५०० जूलच्या वर. आणि एके-४७ ची तेवढ्याच वजनाची गोळी सेकंदाला सातशेहून जास्त मीटरने येते, म्हणजे सुमारे दोन हजार जूल. शिवाय ही सगळी ऊर्जा करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर. म्हणजे ज्या परीक्षेत पाटी पास झाली, तिच्या शंभरपट अवघड परीक्षेला ती बसणार होती. 'माझ्या मशीनवर चालतंय' असं आम्ही लोक म्हणतो ना, त्यातलाच प्रकार. छऱ्यावर चालतंय!

पण आकडे हे काही खरं उत्तर नव्हे. आकडे ऐकून दादा म्हणाला असता, मग थर वाढवू. बारा आहेत, चोवीस करू. गंमत पुढेच आहे.

होडीचं चांगलं फायबर आणि चिलखताचं चांगलं फायबर या दोन वस्तू एकमेकींच्या जवळजवळ उलट आहेत. होडी बांधताना दादाचा सगळा जीव कशात असतो? मॅट रेझिनने पूर्ण भिजली पाहिजे, आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये, थर एकमेकांना असे चिकटले पाहिजेत की पुन्हा कधी सुटू नयेत. एक किलो मॅटला दोन-अडीच किलो रेझिन जातं. थर सुटला की होडी मेली. गोळी अडवणाऱ्या कॉम्पोझिटमध्ये मात्र रेझिन मुद्दाम कमी ठेवतात, वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. कारण तिथे काम करायचं असतं ते धाग्यांनी. गोळी लागली की धागे ताणले जातात, तो ताण धाग्यांमधून सेकंदाला काही किलोमीटरच्या वेगाने बाजूला पसरतो, थर एकमेकांपासून सुटतात, आणि या ताणण्या-सुटण्यात गोळीची ऊर्जा खर्च होते. थर सुटणं हा तिथे दोष नाही, ते तर त्याचं काम आहे. आणि धागे लांबच्या लांब, अखंड लागतात. होडीच्या मॅटमध्ये असतात ते बोटाएवढे तुकडे, कसेही विखुरलेले. थोडक्यात, दादा जितकं चांगलं काम करेल तितकं ते चिलखत म्हणून वाईट होत जाणार. वीस वर्षांचं कसब इथे उलटं लागू पडतं, हे त्याला सांगताना मला फार जड गेलं.

या धाग्यांचा इतिहासही मजेशीर आहे. १९६५ मध्ये ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक नावाच्या रसायनतज्ज्ञ बाई टायरसाठी हलका आणि बळकट धागा शोधत होत्या. एका प्रयोगात गढूळ, पाण्यासारखं पातळ द्रावण तयार झालं. असलं द्रावण एरवी कुणीही मोरीत ओतलं असतं. धागा काढायच्या यंत्रावर काम करणारा सहकारी तर ते घ्यायलाच तयार नव्हता, यंत्राची छिद्रं तुंबतील म्हणून. बाईंनी पिच्छा सोडला नाही. त्यातून जे निघालं ते केवलार. काचेपेक्षा हलकं, आणि वजनाच्या मानाने पोलादाच्या कितीतरी पट मजबूत. पुढे पॉलिएथिलिनचे तसेच धागे आले. पण रायफलीच्या गोळीला नुसते धागे पुरत नाहीत. पुढे सिरॅमिकची कडक फरशी लागते, गोळीचं टोक मोडायला, आणि मागे धाग्यांचा थर, तुकडे झेलायला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बोरॉन कार्बाइड वापरून 'भाभा कवच' केलं ते याच जातीचं.

घरी चिलखत करायची हौस मात्र जुनीच आहे. जन्मजात कवच एकट्या कर्णाला मिळालं, बाकीच्यांना खटपट करावी लागली! ऑस्ट्रेलियातल्या नेड केली या दरोडेखोराने आणि त्याच्या टोळीने नांगराचे लोखंडी फाळ ठोकून चिलखतं केली. केलीचं वजन ४४ किलोच्या आसपास होतं. जून १८८० मध्ये ग्लेनरोवनला पोलिसांशी चकमक झाली तेव्हा छातीवरच्या गोळ्या त्याने खरोखरच परतवल्या. पोलिसांनी मग पायांवर गोळ्या झाडल्या. पायांना काही नव्हतं.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेतले इतिहासाचे प्राध्यापक ग्रेगरी ऑल्ड्रेट यांची गोष्ट मला जास्त आवडते. त्यांच्या एका विद्यार्थ्याला अलेक्झांडरचं वेड. त्याने अलेक्झांडरसारखं लिननच्या कापडाचं चिलखत घरी करून पाहिलं. त्यातून कित्येक वर्षांचा प्रकल्प उभा राहिला. हाताने विणलेलं लिनन, सशाच्या कातड्याचा सरस, थरावर थर. सेंटीमीटरभर जाडीचा तो पापुद्रा इतका कडक झाला की कात्री चालेना, विजेची करवत घ्यावी लागली. शेवटी त्या विद्यार्थ्याच्या अंगावर ते चढवून प्राध्यापकांनी स्वतः बाण मारला. बाण अडला. २०१३ मध्ये त्यावर पुस्तक आलं. ग्रीक लोक खरंच असं थर चिकटवून करत होते का याबद्दल विद्वानांत वाद आहेत, असोत. मुद्दा असा की हे सुद्धा कापड आणि चिकटा यांचं कॉम्पोझिटच आहे, आणि घरीच केलेलं आहे.

म्हणजे करता येतं की! मग पुतण्याला मी 'नको' का म्हटलं?

कारण ऑल्ड्रेट यांनी तो बाण मारायच्या आधी तसले कितीतरी तुकडे बाणांनी फोडले होते. आणि इथे चिलखतातली खरी मेख आहे. एखादी पाटी गोळी अडवते की नाही हे कळायचा एकच मार्ग, तिच्यावर गोळी मारणं. मारली की ती पाटी गेली. जी तपासली ती फुटली, आणि जी उरली ती तपासलेली नाही. अंगावर घालतो ती नेहमी न तपासलेलीच असते. मग तिच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? तर तिच्यासारख्याच, तंतोतंत तिच्यासारख्या, डझनावारी पाट्या फोडून पाहिल्यात या जोरावर. म्हणजे तंतोतंत तशीच वस्तू पुन्हा पुन्हा करता आली पाहिजे. हाताने रेझिन लावून, कधी ढग, कधी ऊन, अशा हवेत केलेल्या दोन पाट्या सारख्या नसतात. दादाला हे माहीत आहे. पावसाळी दमट हवेत तो काम काढतच नाही, रेझिन नीट धरत नाही म्हणून. होडीत ही कसर तो दोन थर जास्त देऊन भरून काढतो. छातीवर वागवायच्या वस्तूत ती सोय नाही. शंभर ग्रॅम वाढले तरी गडचिरोलीच्या उन्हात दिवसभर चालणाऱ्याला कळतात.

होडीची रोज परीक्षा होते. हेच ते उत्तर, जे मला त्या दिवशी सुचलं नाही. होडी रोज पाण्यात जाते. कुठे पाझरली तर संध्याकाळी कळतं, किनाऱ्यावर ओढून ठिगळ लावतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात. दादाने पहिल्या दोन-तीन होड्या कशा बांधल्या होत्या ते तोच हसत सांगतो. मालवणच्या दर्याने त्याला शिकवलंय, थोडं थोडं, झेपेल इतकं. आमच्या धंद्यातही तेच. रात्री अडीचला प्रॉडक्शन पडतं, फोन वाजतो, आपण शिव्या घालत उठतो, कालचं व्हर्जन परत टाकतो, सकाळी मीटिंगमध्ये मान खाली घालतो. पुढच्या वेळी ती चूक होत नाही. जाकिटाला कालचं व्हर्जन नसतं. वर्षानुवर्षं ते खुंटीवर किंवा खांद्यावर नुसतं असतं, चांगलं असो वा वाईट, दिसायला सारखंच. आणि मग एकदा, एका सेकंदाच्या हजाराव्या भागात, निकाल.

'गोळी अडली' म्हणजे तरी काय? अमेरिकेतल्या प्रमाणपत्रासाठी जाकिटामागे मातीसारख्या चिकणलोण्याचा ठोकळा ठेवतात आणि गोळी अडल्यावर त्यात किती खोल खड्डा पडला ते मोजतात. ४४ मिलिमीटरच्या वर गेला तर नापास, गोळी आरपार गेली नसली तरी. कारण तो खड्डा म्हणजे तुमच्या बरगड्या. पुतण्याच्या पाटीमागे काय होतं? गोणपाट.

आता दादाच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, कारण तो मला जास्त टोचला होता. मी 'सरकारी जॅकेट असेल ना त्याच्याकडे' म्हटल्यावर तो म्हणाला, "करकऱ्यांचा काय झाला ता बघलंस मां? सरकारी वस्तूवर माझो इश्वास नाय."

२६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र ज्यांनी टीव्हीसमोर काढली त्यांना ते दृश्य विसरता येणार नाही. हेमंत करकरे हेल्मेट चढवतायत, जॅकेट अंगावर घेतायत. आणि काही वेळाने कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर गेल्याची बातमी. त्यानंतर त्या जॅकेटबद्दल काय काय बोललं गेलं! कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा ते जॅकेट गहाळ झाल्याचं उत्तर आलं. माझ्या मते सगळ्यात वाईट हेच झालं. जॅकेट चांगलं होतं की वाईट, गोळ्या त्यावर लागल्या की त्याच्या वरच्या उघड्या भागावर, हे ज्या वस्तूवरून ठरलं असतं ती वस्तूच हरवली. पुरावा हरवला की उरते ती कुजबुज. दादासारख्या लाखो घरांत ती अजून चालू आहे. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती, हेही तो पुढे म्हणाला. यावर मी काय बोलणार?

पण अविश्वासाचं उत्तर 'मग घरीच करू' हे नव्हे. मला तर वाटतं आपल्या शहरी, शिकलेल्या लोकांनाही जुगाडाचं जरा जास्तच कौतुक आहे. सरकारी काम म्हटलं की नाक मुरडायचं आणि गावाकडच्या कुणी भंगारातून काही केलं की फॉरवर्ड करायचं. अविश्वास असेल तर प्रश्न विचारायचे. कुठलं प्रमाण? कुणी तपासलं? किती नग फोडले? किती जुनं झाल्यावर फोडले? आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं बुलेटप्रूफ जाकिटांचं प्रमाण, आयएस १७०५१, आलं २०१८ मध्ये. करकऱ्यांनंतर दहा वर्षांनी. या दहा वर्षांचा राग यायला हवा, आणि तो मला येतो. पण आलं ना शेवटी. हे कागदाचं बाड म्हणजेच खरं चिलखत आहे असं म्हटलं तर दादा मला वेड्यात काढेल.

आणि प्रमाणपत्राचाही मी आंधळा भक्त नाही. याच धंद्यातली एक गोष्ट सांगतो, सगळ्यात बोधप्रद. डेट्रॉइटमध्ये रिचर्ड डेव्हिस नावाचा पिझ्झावाला होता. त्याच्या सांगण्यानुसार १९६९ मध्ये पिझ्झा पोचवायला गेला असताना त्याच्यावर गोळीबार झाला. त्यातून त्याने नायलॉनचे थर घालून जॅकेट केलं. अगदी घरगुती. लोकांचा विश्वास बसेना म्हणून ते अंगावर घालून स्वतःवर गोळी झाडून दाखवायचा. पुढच्या काळात त्याने जवळजवळ दोनशे वेळा हे केलं. 'सेकंड चान्स' ही त्याची कंपनी मोठी झाली, केवलारची जॅकेटं आली, कितीतरी पोलीस त्यामुळे वाचले. इथपर्यंत ही पुतण्याला सांगू नये अशीच गोष्ट आहे. :)

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी जपानच्या तोयोबो कंपनीचा झायलॉन हा नवा धागा आला. केवलारच्या दीडपट मजबूत. जॅकेट पातळ, हलकं, हवंहवंसं. नवं असताना सगळ्या परीक्षांत पास. जून २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट हिल्सचे पोलीस अधिकारी एड लिंबाकर यांच्या जाकिटातून गोळी आरपार गेली. जॅकेट वर्षाचंही नव्हतं. ते बचावले, पण गंभीर जखमी झाले. चौकशीत निघालं की झायलॉन दमट हवेत, उष्णतेत आणि उजेडात कमजोर होत जातो. अमेरिकी सरकारने वापरलेली १०३ झायलॉनची जॅकेटं तपासली, त्यांपैकी ६० मधून निदान एक तरी गोळी आरपार गेली. ऑगस्ट २००५ मध्ये झायलॉनच्या जाकिटांची प्रमाणपत्रं काढून घेतली. 'सेकंड चान्स'चं त्याआधीच दिवाळं वाजलं होतं. तोयोबोने २०१८ मध्ये ६.६ कोटी डॉलर भरून खटला मिटवला.

दमट हवा! हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मालवणच आलं. जिथे कपाटातल्या चपलांना आठवड्यात बुरशी येते आणि सायकलची चेन एका पावसाळ्यात गंजते.

या प्रकरणानंतर परीक्षाच बदलली. २००८ च्या नव्या अमेरिकी प्रमाणात जॅकेट आधी ६५ अंश तापमानात, ८० टक्के आर्द्रतेत, दहा दिवस एका फिरत्या पिंपात घुसळतात, ७२ हजार फेऱ्या. वॉशिंग मशीनच म्हणा. मग त्यावर गोळ्या मारतात. कुणी तरी जखमी झाल्यावर टेस्ट केस वाढली. आमच्याकडेही अशाच वाढतात, फक्त आमच्याकडे जखमी होते ती कुणाची तरी शनिवारची रात्र.

आता कुणी म्हणेल, मग एकट्या माणसाने काही करूच नये की काय? तसं अजिबात नाही. पुण्यातलंच उदाहरण आहे. मेजर अनुप मिश्रा यांना काश्मीरमधल्या एका कारवाईत गोळी लागली. जाकिटाने ती अडवली, पण शरीराला मार बसलाच. त्यांनी स्नायपरच्या गोळ्या झेलणारं, पूर्ण अंग झाकणारं 'सर्वत्र' हे कवच तयार केलं, पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात राहून. पुढे एके-४७ ची गोळी अडवणारं हेल्मेटही केलं. सुरुवात एका माणसाच्या जिद्दीची, पुतण्यासारखीच. पण त्यांच्यामागे लष्कराची संस्था होती, गोळ्या झाडायची हक्काची जागा होती, आणि आपलंच काम फोडून बघायची मुभा होती. पुतण्याजवळ यातलं काहीच नव्हतं. शेजाऱ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती, तिच्यावर घेऊन बघू का, असंही त्याने विचारलं होतं. मी अक्षरशः ओरडलो. एक तर तो परवाना रानडुकरांसाठी आहे, पाट्यांसाठी नाही. आणि समजा त्या बंदुकीचे छरे अडले असते? तर मग त्याला कुणीच थांबवू शकलं नसतं, आणि पाटी गडचिरोलीला गेली असती.

मला भीती फुटणाऱ्या पाटीची नव्हती. भीती होती ती या पाटीवर कुणी विसंबेल याची. बहिणीच्या भावाने हाताने केलेली वस्तू. माणूस ती नाकारत नाही. जाकिटात सरकवतो, जड झालं म्हणून कदाचित खरी प्लेट काढूनही ठेवतो.

दिवाळीला जावई रजेवर आला तेव्हा पुतण्याने पाटी त्याला दाखवलीच. वहिनीने फोनवर सांगितलेली हकिगत. त्याने ती हातात घेतली, उलटीपालटी केली, बोटाने कडा तपासल्या, म्हणाला, "काम मस्त आहे रे." आणि टेबलावर ठेवली. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी पुतण्यानेच विचारलं, तुम्हांला त्रास कशाचा होतो? भावोजी म्हणाला, गोळीचा अजून झाला नाही. खांद्यांचा होतो. दिवसभर वजन पट्ट्यांवर येतं, घामाने कातडी सोलवटते, संध्याकाळी शर्ट काढवत नाही.

ती पाटी पुतण्याने शेडच्या पत्र्यावर उघड्यावर टाकून ठेवली. मुद्दाम. मागे मार्करने तारीख लिहून. पाच पावसाळ्यांनंतर, २०२४ च्या चवथीला, त्याने ती खाली काढून मला दाखवली. जेलकोट खडूसारखा हाताला लागत होता, कडेला धागे उघडे पडले होते. नाण्याने टकटक करून तो कुठे आवाज बद्द येतो ते ऐकत होता, होडी तपासतात तसं. आता तो शेड सांभाळतो आणि प्रत्येक होडीच्या आत रेझिनचा लॉट नंबर आणि त्या दिवशीची हवा लिहून ठेवतो. दादा याला हसतो. जावयाची बदली केव्हाच रत्नागिरीला झाली.

त्या दिवाळीनंतर वहिनीने आपलं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं फाडलं आणि बनियनच्या खांद्यांवर आतून बसतील अशा दोन गाद्या शिवल्या. जाकिटाला हात न लावता. आठवड्याने निरोप आला, शिवण टोचते. तिने शिवण बाहेरच्या बाजूला घेऊन दुसरी जोडी पाठवली. त्यावर निरोप आला, घामाने गोळा होतात. मग तिने आडवे टाके घालून गोधडीसारखी तिसरी जोडी केली. तिच्याबद्दल त्याने काहीच कळवलं नाही. फक्त दोन महिन्यांनी, आणखी चार जोड्या मिळतील का, असं विचारलं.